ओला पारा, कोरडा पारा

"भावजी, ह्यां काय हाडलात? कपाट?"

टेम्पोतून उतरवलेल्या पत्र्याच्या खोक्याकडे बघत सदानंदने विचारलं. सदानंद माझा मेहुणा, कुमुदचा धाकटा भाऊ. शिरोड्याला त्याची नारळाची वखार होती आणि घरामागे पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या होत्या. पूर्ण मे महिना आम्ही त्या खोल्यांत राहणार होतो.

"कूलर," मी म्हणालो.

"हंय कूलर?" तो हसायलाच लागला. "अहो, हंयची हवा आधीच पाणी पिऊन बसली आसा. तिका आनी कित्याक पाजतात?"

"सदा, गप रे," कुमुद म्हणाली. पण तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. तिने चपला काढल्या होत्या आणि विहिरीच्या कडेला, जिथे पाणी सांडून माती ओली झाली होती, तिथे ती अनवाणी उभी होती.

मी पिशवीतून लाकडी पट्टी काढली आणि पडवीच्या उत्तरेच्या बाजूला, सावलीत, खिळा ठोकायला जागा शोधू लागलो. पट्टीवर दोन तापमापक शेजारी शेजारी बसवलेले होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाबरोबर दिलेली ती भेट.

"दोन कित्याक? एक बिघडलो तर?" सदानंद पाठीशी येऊन उभा राहिला.

"एक कोरडा, एक ओला. ह्या ओल्याच्या टोकाला मलमल गुंडाळलेली असते. मलमलीचं शेपूट ह्या कुपीतल्या पाण्यात. पाणी उडून जातं तसा हा पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका जास्त उतरतो. आपण दोघांमधला फरक बघायचा."

"आनी फरक नसलो तर?"

"तर हवेत पाण्याला जागाच नाही. माणसाचा घाम वाळत नाही."

"मग आमचो जल्मात वाळूक नाय," सदानंद म्हणाला आणि कूलरला खांदा द्यायला गेला.

ह्याला आता बारा वर्षं झाली.

अकोल्याच्या वेधशाळेत मी निरीक्षक होतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी पारे वाचायचे आणि जे दिसेल तेच सांगायचं, एवढंच काम. अर्ध्या अंशाचाही अंदाज बांधायचा नाही. कुमुदचे मामा अकोल्याला पोस्टात होते, त्यांनी आमचं जुळवलं. लग्न झालं डिसेंबरात, तेव्हा तिला अकोला आवडलं होतं. मग एप्रिल उजाडला.

आमच्याकडचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. दोरीवर दुसरी चादर घालेपर्यंत पहिली वाळलेली असते. कुरडया सकाळी घातल्या की संध्याकाळी डब्यात. घाम येतो, पण दिसत नाही. सदऱ्यावर मिठाची पांढरी रेघ तेवढी राहते. कुमुदच्या ओठांना चिरा पडल्या, नाकातून रक्त आलं. "हे काय गाव आहे? इथे माणसाला घामसुद्धा मिळत नाही," ती म्हणायची. दुपारी दारं-खिडक्या लावून, एका खिडकीला ओली साडी बांधून ती तिच्यासमोर बसायची. साडीतून येणारा वारा तोंडावर घ्यायची, डोळे मिटून. मी म्हणायचो, अगं कूलर आहे ना. ती म्हणायची, कूलरला गवताचा वास येतो.

क्वार्टर वेधशाळेच्या आवारातच होतं. पहिल्याच वर्षी तिने मला विचारलं, "तुमच्या ह्या दोन पाऱ्यांत आमचं गाव कुठलं?"

"दोन्ही जवळ जवळ आले की तुझं गाव."

त्या वर्षी श्रावणात एका झडीच्या दिवशी दोन्ही पारे एकाच रेघेवर येऊन उभे राहिले. मी तिला हाक मारून दाखवलं. ती डोक्यावर पोतं घेऊन धावत आली, पारे ठेवलेल्या लाकडी पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "आज शिरोडं आलं." पुढे दर वर्षी असा दिवस आला की ती तेच म्हणायची. आणि दर मेमध्ये, ओल्या साडीसमोर बसून, दुसरं एक वाक्य: "तुमची नोकरी संपली की मला माझ्या समुद्रावर न्यायचं. कबूल?"

मी दर वेळी कबूल म्हणायचो. तेहतीस उन्हाळे हे चाललं. मग नोकरी संपली.

मी एकच अट घातली. राहायचं ठरवायचं तर सगळ्यात वाईट महिना आधी राहून बघायचा. रोज दुपारी दोनला पारे वाचायचे. फरक पाचाच्या वर राहिला तर मी तिथे जगेन. खाली राहिला तर माझ्याने होणार नाही. कुमुद लगेच तयार झाली. "पारा सांगेल ते," ती म्हणाली. माझ्यापेक्षा तिचा पाऱ्यावर जास्त विश्वास होता, किंवा मी पाऱ्याबाबत खोटं बोलणार नाही यावर. सदानंदनेही सांगून ठेवलं होतं: राहणार असाल तर खोल्या तुमच्या, शेजारची जागाही ताईची, पण मे संपायच्या आत काय ते सांगा, दुसरं एक कुटुंब कायमचं यायला तयार आहे.

पहिल्या दुपारी मी कूलर लावला. गवताच्या ताट्या भिजवल्या, पंप सुरू झाला, पंखा घरघरला. कुमुद आणि सदानंदची बायको प्रणिता समोर पाट घेऊन बसल्या, नाटक बघायला बसावं तशा. तासाभरात उशीची खोळ ओलसर झाली. काडेपेटी पेटेना. पोह्याचे पापड वाकून ताटात लोळायला लागले.

"भावजी, आता ह्यात मासे सोडा," प्रणिता म्हणाली.

कूलर बंद केला तो कायमचा. सदानंदने त्यावर नारळ रचले. माठही तसाच निघाला. अकोल्यात माठातलं पाणी दाताला लागतं, इथे ते विहिरीतून काढलं तसंच राहायचं. माठ, कूलर आणि माझा ओला पारा, तिघांचं काम एकच, आणि तिघांचंही इथे काही चालत नव्हतं.

माझ्या पाठीवर, मानेवर घामोळं उठलं. टॉवेल दोन दिवस वाळायचा नाही. बसल्या जागी हनुवटीवरून थेंब पडायचा. ऊन आमच्याकडच्या मानाने काहीच नव्हतं, चौतीसच्या वर पारा जात नव्हता. पण आमच्याकडे ऊन बाहेर असतं, दार लावलं की संपलं. इथे ते उशीत, सदऱ्याच्या कॉलरमध्ये, दोन बोटांच्या मध्ये येऊन बसायचं.

"किती?" दुपारी दोनला कुमुद आतून विचारायची.

"सहा," मी पहिल्या दिवशी सांगितलं. ते खरं होतं. मग साडेपाच. मग पाच.

कुमुद पहिले काही दिवस घरात सापडतच नव्हती. सकाळी बंदरावर मासे घ्यायला, दुपारी मिठागरांकडे, संध्याकाळी सुरूच्या बनातून समुद्रावर. एका संध्याकाळी मीही गेलो. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, साडीचा ओचा हातात धरून. मी हाक मारली. तिने वळून बघितलं. तिचं तोंड घामाने आणि खाऱ्या पाण्याने चमकत होतं. तेहतीस वर्षांत मी तो चेहरा इतका ओला पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोनला फरक चार होता. मी काचेजवळ डोळा नेला, पुन्हा वाचला. चारच.

"किती?"

"साडेपाच," मी म्हणालो.

नोकरीत असताना एकदा फणफणत्या तापात मला उठवून पेटीपाशी नेलं होतं, आणि तेव्हाही मी दिसलं तेच सांगितलं होतं. पण इथे जीभ अडखळली नाही. मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल. पुढचे दिवस चार असो, साडेतीन असो, मी साडेपाच-सहाच्या खाली उतरलो नाही. राहायचं हे मी ठरवून टाकलं होतं. घामोळ्यावर पावडर असते.

महिना अर्धा उलटला आणि कुमुद समुद्रावर जायची थांबली.

"आज नाही?"

"पाय दुखतात."

रात्री तीही कूस बदलत असायची. उशी उलटायची, पुन्हा उलटायची. मी विचारलं तर म्हणायची, "तुमच्या घोरण्याने." तिच्या शाळेतल्या मैत्रिणींपैकी एक मुंबईला होती, एक वारली होती, तिसरी भेटायला आली ती अर्धा तास बसून गुडघ्यांबद्दल बोलून गेली. वाडीतली मुलं कुमुदला 'अकोल्याची आत्ये' म्हणायची. सदानंदच्या घराच्या जागी पूर्वी तिच्या आईचं कौलारू घर होतं. आता स्लॅब होता. चूल कुठे होती ते ती मला दाखवायला गेली तर तिथे मोटारसायकल उभी होती. हे सगळं मी बघत होतो. त्याची बेरीज मात्र मला करता आली नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी दोनला पडवीत गेलो आणि थबकलो. दोन्ही पारे एका रेघेवर होते. चौतीस, चौतीस.

हे शक्य नव्हतं. चौतीस अंशावर हवा पूर्ण भिजलेली, असं श्रावणात समुद्राच्या मधोमधही होत नाही. मी मलमलीला हात लावला. कोरडी. कुपी रिकामी होती.

"किती?" कुमुद ह्या वेळी दारात येऊन उभी होती.

"साडेपाच."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचा अर्थ मला लागला नाही.

मी कुपी भरली. चिमणी किंवा खार पाणी प्यायली असेल असं समजलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मला आठवलं की समुद्राजवळ मलमलीवर मीठ चढतं आणि पाणी वर ओढलं जात नाही. मी जुनी मलमल काढली, धोतराच्या फाडीची नवी गुंडाळली, कुपी गळ्यापर्यंत भरली. तिसऱ्या दिवशी दोनला पारे पुन्हा शेजारी शेजारी उभे.

"किती?"

"सहा."

"नीट बघितलंत?"

तेहतीस वर्षांत तिने मला हे कधी विचारलं नव्हतं.

"नीट बघितलं," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी जेवल्यावर मी आडवा झालो, पण डोळा लागला नाही. खिडकीच्या गजांतून पडवीचा कोपरा दिसत होता. कुमुद आली. तिने आधी घराकडे पाहिलं. मग कुपी हळूच काढली आणि तिच्यातलं पाणी अबोलीच्या बुंध्याशी ओतलं. कुपी जागेवर ठेवली. मग पदराचं टोक घेऊन तिने मलमल चिमटीत धरून दाबून दाबून कोरडी केली. लहान मुलाचं नाक पुसावं तशी. आणि दोन पावलं मागे सरून ती बघत उभी राहिली, ओला पारा वर चढेपर्यंत.

मी डोळे मिटून पडून राहिलो.

तिला कळत होतं की फरक शून्य आहे. आणि मी रोज तिला साडेपाच, सहा सांगत होतो. म्हणजे मी खोटं बोलतो आहे हेही तिला तीन दिवस ठाऊक होतं. तिचा तो दारातला चेहरा त्याचा होता.

दोन वाजता मी उठलो. पारे वाचले.

"किती?" तिचा आवाज बारीक आला.

"काहीच नाही. दोन्ही सारखे."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग पाणी प्यायल्याचा.

संध्याकाळी सदानंद आला. प्रणिताने सोलकढी आणली. "मग भावजी? ठरला काय? त्या लोकांचो फोन येऊक लागलो."

"माझ्याने होणार नाही, सदानंद," मी म्हणालो. "ही हवा मला सोसत नाही. पाठ बघ माझी."

"अरे देवा! आनी ताई?"

कुमुद मान खाली घालून वाटीत बोट फिरवत होती.

"त्यांचं बघायला नको का?" ती म्हणाली.

"तेहतीस वर्षां तू त्याचां बघितलंस. एक वर्ष त्याणी तुझां बघूक नको?" सदानंद आता थट्टा करत नव्हता. मग माझ्याकडे वळून हसण्यावारी नेत म्हणाला, "शेवटी वऱ्हाडचो माणूस. सुक्यात वाढलेलो, ओल्यात कुजतलो!"

"काय करणार बापा," मी म्हणालो. "आम्ही वाळवणातले."

प्रणिता हसली. कुमुदने माझी बाजू घेतली नाही. ती उठली आणि माझी रिकामी वाटी पुन्हा भरून घेऊन आली.

कूलर तिथेच सोडला. पट्टी कपड्यांत गुंडाळून घेतली. घाट चढून कोल्हापूरला आलो, तिथून गाडी. गाडी रात्रभर रखडत धावली. सकाळ गेली, जळगाव मागे पडलं, आणि मलकापूरच्या आसपास खिडकीतून पहिली झळ आली. डब्यातल्या लोकांनी खटाखट काचा ओढल्या. मीही हात वर केला.

"राहू द्या," कुमुद म्हणाली.

तिने पदर मानेवरून काढला आणि तोंड खिडकीकडे केलं. गरम वारा तिच्या केसांतून जात होता. गालावर कसलीशी ओल होती, ती बघता बघता वाळली.

"माझ्यासाठी केलंस?" मी विचारलं.

तिला 'काय' म्हणून विचारावं लागलं नाही.

"तुमच्यासाठी केलं असतं तर सांगून केलं असतं." ती बाहेरच बघत होती. "तुमचं घामोळं मला दिसत होतं. पण त्यासाठी मी शिरोडं सोडलं नसतं, एवढी काही मी चांगली नाही."

"मग?"

"उशी ओली लागायची. पोरगी होते तेव्हा तीच उशी गालाखाली घेऊन झोपायची मी. आता किळस आली. जीव गुदमरला. रात्री काय आठवायचं माहितेय? आपली गच्ची. पाणी मारल्यावर वाफ निघते ती."

"मग मला म्हणायचं होतंस. त्याच दिवशी निघालो असतो."

"मी म्हणायचं?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी माझ्या तोंडाने म्हणायचं, शिरोडं नको? मग अकोल्याच्या उन्हाळ्यात मी कशाच्या जोरावर बसायचं हो? ते तुम्ही म्हणायला हवं होतं. तुमचा पारा म्हणायला हवा होता. तुम्ही तर रोज उठून साडेपाच!"

"मला वाटलं, तुला..."

"कळलं मला. म्हणून तर जास्त राग आला." ती हसली, मग हसणं थांबवून पुन्हा खिडकीकडे वळली. "सदाला हेच माहीत राहू दे. जावयाला हवा सोसली नाही."

"राहू दे."

शेगाव गेलं. तिने ओठांवरून जीभ फिरवली. ओठ तेवढ्यात कोरडे पडले होते.

अकोल्याला आम्ही पट्टी आमच्या स्वतःच्या घराच्या गच्चीवर, जिन्याच्या सावलीला लावली. मे पुन्हा आला, आणि कुमुद पुन्हा ओल्या साडीसमोर बसायला लागली. शेजारच्या बायका आल्या की सांगायची, "आमच्या शिरोड्याला असं नाही हो. तिकडे हवेत कसा ओलावा असतो. ह्यांना सोसलं नाही म्हणून, नाहीतर आम्ही तिकडेच असतो." सांगताना तिचा आवाज असा काही मऊ व्हायचा की बायका माझ्याकडे रागाने बघायच्या. मी वर्तमानपत्र वाचत असायचो.

एका दुपारी, बाहेर चव्वेचाळीस असताना, मी गच्चीवर गेलो. ओला पारा बाविसावर हवा होता. तो कोरड्याच्या शेजारी, चव्वेचाळिसावर उभा होता. कुपी रिकामी. मलमल चिमटीत दाबून कोरडी केलेली.

खाली आलो. कुमुद साडीसमोर डोळे मिटून बसली होती.

"किती?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"दोन्ही सारखे."

"आज शिरोडं आलं," ती म्हणाली.

त्या दिवशी मी कुपी संध्याकाळपर्यंत भरली नाही. मग दर उन्हाळ्यात अशा दोन-तीन दुपारी यायच्या. ती कधी वर जाऊन यायची ते मला कळायचं नाही आणि मी बघायलाही गेलो नाही.

कुमुदला जाऊन तीन वर्षं झाली. सदानंद कार्याला आला होता. ओट्यावर माझ्याशेजारी बसून शेवटी म्हणालाच, "भावजी, एकदा तिका राहूक दिल्यात असतां हंयसर..." मी मान हलवली.

आता मेमध्ये दुपारी दोनला मीच वर जातो. कुपीतलं पाणी तुळशीत ओततो. मलमल रुमालाने दाबून कोरडी करतो. ह्या उन्हात ती लगेच वाळते. पारा चढायला लागतो, आणि दोन्ही एका रेघेवर येईपर्यंत मी तिथे उभा राहतो. मग जिना उतरताना, खाली ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो:

"दोन्ही सारखे."